‘सॉफ्टवेअर कंप्लायंट आहे’ म्हणजे नेमकं काय? : वाचकांचे प्रश्न

रुग्णालयांच्या संगणकीकरणाबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेली पत्रं बहुतेक संचालक, विश्वस्त आणि लॅबमालकांची निघाली. म्हणजे ना डॉक्टर ना प्रोग्रॅमर, पण चेकवर सही यांचीच. उत्तरं त्यांना समोर ठेवून दिली आहेत. ‘कंप्लायंट’ म्हणजे माहितीच्या देवाणघेवाणीची ठरलेली मानकं पाळणारं.

राजारामपुरीत आमचं साठ खाटांचं रुग्णालय आहे. नवं सॉफ्टवेअर घ्यायचंय. तीन कंपन्या येऊन गेल्या. तिघींनीही ‘आम्ही एफएचआयआर कंप्लायंट आहोत’ असं छातीठोकपणे सांगितलं. मी कॉमर्सचा माणूस. यातलं मला किती कळायला हवं?
— संचालक, राजारामपुरी

उद्यमनगरात तीन सुती बोल्टला कुणी दहा एमएमचा नट दिला, तर पहिले दोन-तीन आटे तो चढतो. हाताला वाटतं, बसला. मग अडकतो. तीन सूत म्हणजे ३/८ इंच. जुन्या इंची मापात इंचाला १६ आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.५८७५ मिलिमीटर. दहा एमएमच्या नटात तेच अंतर १.५ मिलिमीटर. डोळ्याला न दिसणारा फरक, पण जबरदस्ती केली की आटे मरतात. रुग्णालयाची सॉफ्टवेअरं एकमेकांना जोडताना होतं ते असंच. सुरुवातीला सगळं चढतं.

दोन प्रणाल्यांमध्ये माहिती नीट पोचायला चार थर जुळावे लागतात. पहिला वाहतुकीचा : तार कोणती, पोच मिळाली का. दुसरा साच्याचा : नाव कुठल्या रकान्यात, तारीख कुठल्या. तिसरा शब्दांचा : तुमचं ‘सीबीसी’ आणि पलीकडचं ‘हिमोग्राम’ एकच का. चौथा मापाचा : आकडा कुठल्या एककात. ‘कंप्लायंट’ म्हणणारा विक्रेता बहुतेकदा पहिल्या दोन थरांबद्दल बोलत असतो. रुग्णाला धोका असतो तो उरलेल्या दोनमध्ये.

आता नावं. एचएल७ ही मानकं तयार करणारी संस्था १९८७ साली सुरू झाली. तिचं दुसऱ्या आवृत्तीचं मानक, ज्याला सगळे ‘व्ही-टू’ म्हणतात, ते आजही लॅबची यंत्रं आणि रुग्णालयाचं सॉफ्टवेअर यांच्यात चालतं. त्यातला निरोप म्हणजे उभ्या रेघांनी तोडलेल्या ओळी. पीआयडीने सुरू होणारी ओळ रुग्णाची, ओबीएक्सने सुरू होणारी निकालाची. ओबीएक्समध्ये तिसऱ्या रकान्यात तपासणी कुठली, पाचव्यात आकडा, सहाव्यात एकक, अकराव्यात निकालाची अवस्था : पी म्हणजे तात्पुरता, एफ म्हणजे अंतिम, सी म्हणजे दुरुस्त केलेला. एफएचआयआर, उच्चार ‘फायर’ (अग्निशमन दलाशी संबंध नाही), हे त्याच संस्थेचं नवं मानक. ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम ग्रीव्ह यांनी २०११ साली त्याची मांडणी केली. डिसेंबर २०१८मध्ये आलेली चौथी आवृत्ती, म्हणजे ‘आर-फोर’, भारतात वापरात आहे. त्यात रुग्ण, निरीक्षण, औषधचिठ्ठी असे सुटे ठोकळे असतात आणि ते इंटरनेटच्या नेहमीच्या पद्धतीने पाठवता येतात.

तुम्हाला एवढंच कळलं तरी पुरे. बाकी विक्रेत्याकडून करून घ्यायचं. त्याला सांगा : एका काल्पनिक रुग्णाचं डिस्चार्ज कार्ड तुमच्या प्रणालीत भरा आणि त्याची फायरमधली फाइल आम्हाला द्या. खऱ्या रुग्णाची माहिती चाचणीला कधीही देऊ नका. ती फाइल एचएल७च्या मोफत व्हॅलिडेटरमध्ये (फाइल नियमात बसते का ते तपासणारं साधन) टाकायची आणि सोबत भारतासाठीची नियमपुस्तिका जोडायची. ही पुस्तिका पुण्याच्या सीडॅकमधलं एनआरसीईएस हे केंद्र तयार करतं. व्हॅलिडेटर चुका लाल अक्षरात दाखवतो. दहा-वीस चुका निघाल्या म्हणून घाबरू नका. त्या आठवड्याभरात दुरुस्त होतात का, ते पाहा. ‘हे व्हॅलिडेटर म्हणजे काय?’ असं विक्रेत्यानेच विचारलं, तर त्याच्यासाठी चहा मागवा आणि पुढच्याला बोलवा.

मग फाइल उघडून एक गोष्ट तपासायची. हिमोग्लोबिनचा आकडा स्वतंत्र निरीक्षण म्हणून आहे, की अख्खा रिपोर्ट पीडीएफ करून आत कोंबलाय? भारताच्या नियमपुस्तिकेत पीडीएफ जोडायची मुभा आहे आणि जुनी कागदपत्रं स्कॅन करून पाठवायची तर ती हवीच. पण त्या मुभेचा आडोसा घेऊन काही सॉफ्टवेअरं सगळंच पीडीएफमध्ये पाठवतात. व्हॅलिडेटर हिरवा दिवा देतो, विक्रेता ‘कंप्लायंट’ म्हणतो, आणि पलीकडच्या डॉक्टरला सहा महिन्यांच्या क्रिएटिनिनचा आलेख काही मिळत नाही. त्याला दिसतो तो कागदाचा फोटो.

पैशाचंही बोलू. मुख्य सॉफ्टवेअर, लॅब, एक्स-रे, फार्मसी, बिलिंग आणि आयसीयूचे मॉनिटर अशा सहा प्रणाल्या एकमेकींना थेट जोडायच्या ठरवल्या तर १५ जोडण्या होतात. प्रत्येक जोडणीचे पैसे वेगळे, आणि एक प्रणाली बदलली की तिच्या पाच जोडण्या पुन्हा कराव्या लागतात. म्हणून मधे एक ‘इंटरफेस इंजिन’ ठेवतात, जे सगळ्यांची भाषा समजून घेतं आणि भाषांतर करून पुढे देतं. मर्थ कनेक्ट हे त्यातलं लोकप्रिय. बरेच जण अजून ते फुकट आहे असं धरून चालतात, पण २०२५मध्ये आलेल्या ४.६ आवृत्तीपासून त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. कोटेशनमध्ये ‘ओपन सोर्स इंजिन, खर्च शून्य’ लिहिलं असेल तर आवृत्ती कुठली आणि तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या कोण करणार, हे लेखी घ्या.

शाहूपुरीत आमची लॅब आहे. आमचे रिपोर्ट तीन रुग्णालयांच्या प्रणालींत थेट जातात. आकडे पोचतात, पण एका ठिकाणी उपाशीपोटीची साखर जेवणानंतरच्या रकान्यात दिसली. दोष कुणाचा?
— लॅबचालक, शाहूपुरी

तुमच्याकडे या तपासण्यांची नावं बहुधा ‘शुगर एफ’, ‘शुगर पीपी’ अशी असतील. पलीकडे ‘बीएसएल’ आणि ‘बीएसएल २’. जोडणी करणाऱ्या मुलाने अंदाजाने जोडी लावली. दोष त्या मुलाचा कमी, सामायिक संकेतांक न वापरण्याचा जास्त.

यासाठी लॉइंक आहे. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या रेगेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने १९९४ साली सुरू केलेली तपासण्यांची ही यादी मोफत आहे, नोंदणी करून उतरवून घेता येते. तिच्यात प्रत्येक तपासणीची ओळख सहा अंगांनी ठरते : काय मोजलं, कुठल्या गुणधर्माने (वस्तुमान की संख्या), एका क्षणाचं की चोवीस तासांचं, कशात (रक्तद्रव की लघवी), निकाल आकड्यात की शब्दांत, आणि गरज असेल तिथे पद्धत. त्यामुळे ‘साखर’ नावाची एक तपासणी तिथे नाहीच. रक्तद्रवातली कुठल्याही वेळची साखर २३४५-७, उपाशीपोटीची १५५८-६, जेवणानंतर दोन तासांची १५२१-४, आणि बोट टोचून ग्लुकोमीटरवर घेतलेली ४१६५३-७. आडव्या रेघेनंतरचा अंक हा तपास-अंक आहे. आधीच्या अंकांवरून गणिताने तो निघतो, त्यामुळे टाइप करताना एखादा अंक चुकला तर संगणक लगेच पकडतो.

काम असं करा. गेल्या वर्षभरात सर्वाधिक झालेल्या तपासण्यांची यादी काढा. पहिल्या शंभरांत तुमचं बहुतेक काम येऊन जाईल. दुर्मीळ तपासण्यांच्या मागे सुरुवातीला लागू नका, तिथेच माणसं थकतात आणि काम सोडून देतात. प्रत्येक तपासणीपुढे सहा रकाने आखा. ते ज्येष्ठ टेक्निशियनने भरायचे, कारण नमुना सीरम आहे की प्लाझ्मा, यंत्र कुठलं, पद्धत कुठली हे त्यालाच ठाऊक असतं. त्यावरून संकेतांक शोधायचा आणि शेवटी पॅथॉलॉजिस्टने सही करायची. हे काम संगणकवाल्याला एकट्याला देऊ नका. त्याला यादीत ‘क्रिएटिनिन’ दिसलं की तो पहिलं उचलतो, आणि ते लघवीचं निघतं. रक्तातलं २१६०-० आहे.

तुमचा जुना स्थानिक संकेतांक पुसू नका. फायर आणि व्ही-टू दोन्हींत एकाच तपासणीला दोन संकेतांक शेजारी शेजारी देता येतात. दोन्ही पाठवा, चूक शोधताना तो जुनाच कामी येतो.

आता एकक. शाहू मार्केट यार्डात गुळाचा दर सांगताना तो क्विंटलचा की तीस किलोच्या रव्याचा, हे आधी ठरतं, मगच बोली लागते. रक्तातली साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर म्हणजेच ५.६ मिलिमोल प्रति लिटर, गुणक १८. परदेशी बनावटीचं यंत्र दुरुस्तीनंतर मूळ सेटिंगवर गेलं आणि एककाचा रकाना रिकामा जात असेल, तर ५.६ हा आकडा पलीकडे मिलिग्रॅम म्हणून वाचला जाईल. एवढ्या साखरेवर माणूस शुद्धीवर नसतो. क्रिएटिनिनला गुणक ८८.४ आहे, तिथे गोंधळ उलट्या बाजूने होतो. एककं लिहिण्यासाठी यूकम नावाचं मानक आहे, ते वापरा, आणि एकक रिकामं असलेला निकाल इंजिनमध्येच अडवा.

आणखी एक जागा जिथे हमखास फसतं : दुरुस्त रिपोर्ट. दुपारी अंतिम रिपोर्ट गेला, संध्याकाळी पॅथॉलॉजिस्टने आकडा बदलला. अवस्थेच्या रकान्यात ‘सी’ न टाकता पुन्हा ‘एफ’ टाकून पाठवलं, तर काही प्रणाली जुना आणि नवा दोन्ही अंतिम म्हणून दाखवतात आणि काही दुसरा निरोप ‘डुप्लिकेट’ म्हणून टाकून देतात. जोडणी ताब्यात घेण्याआधी हा एक प्रयोग स्वतः उभं राहून करून घ्या. सोबत पोचपावतीही पाहा : पलीकडून ‘एए’ आलं तर स्वीकारलं, ‘एई’ म्हणजे चूक, ‘एआर’ म्हणजे नाकारलं. पुष्कळ ठिकाणी पाठवणारी प्रणाली पोच न बघताच पुढचा निरोप सोडते. रात्री पलीकडचा सर्व्हर बंद असेल, तर त्या वेळचे रिपोर्ट हवेत जातात आणि सकाळी वॉर्डातून फोन येतो.

गडहिंग्लजला पंधरा खाटांचं नर्सिंग होम आहे. ‘आभा’ची जोडणी आम्हीच बांधायची का? आणि रुग्ण निपाणी-चिक्कोडीकडचे असले तर?
— डॉक्टर दांपत्य, गडहिंग्लज

बांधायची नाही. आभा म्हणजे रुग्णाचा आरोग्य-ओळख क्रमांक. तो ज्या मोहिमेत येतो त्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची, म्हणजे एबीडीएमची, देशभर सुरुवात २७ सप्टेंबर २०२१ला झाली. तिच्यात सॉफ्टवेअरने तीन टप्पे पार करायचे असतात. एम-१ म्हणजे आभा क्रमांक काढणं आणि पडताळणं. एम-२ म्हणजे तुमच्याकडच्या नोंदी रुग्णाच्या आभाला जोडून, त्याने संमती दिली की पुरवणं. एम-३ म्हणजे दुसऱ्या रुग्णालयातल्या नोंदी, पुन्हा संमतीनेच, मागवणं. प्रत्येकासाठी आधी सँडबॉक्समध्ये (सरावाच्या वेगळ्या प्रणालीत) चाचणी, मग सुरक्षा तपासणीचं प्रमाणपत्र. पंधरा खाटांसाठी हा खटाटोप परवडणारा नाही. तिन्ही टप्पे झालेलं सॉफ्टवेअर निवडा. ‘तिन्ही’ हा शब्द महत्त्वाचा. फक्त एम-१ झालेला विक्रेताही स्वतःला एबीडीएमवाला म्हणवतो, आणि त्याच्याकडे नुसता क्रमांक निघतो, नोंद कुठेही जात नाही.

तुमच्या बाजूचं काम वेगळं : नर्सिंग होमची नोंद आरोग्य सुविधांच्या नोंदवहीत आणि दोघांचीही नोंद व्यावसायिकांच्या नोंदवहीत करणं. आधी तेवढं उरका. सीमेपलीकडच्या रुग्णांची अडचण नाही, आभा देशभर एकच आहे. तो ऐच्छिकही आहे. आभा नाही म्हणून कुणाला काउंटरवरून परत पाठवू नका.

अडचण येईल ती माणसं ओळखण्याची. आपल्याकडे साठीपुढच्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून असावी अशी शंका येते, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच लिहिली. त्यात आडनाव पाटील. ‘पाटील, १ जून १९५५, पुरुष’ एवढ्यावर जोडी लावणारी प्रणाली कोल्हापूर जिल्ह्यात आठवडाभरसुद्धा सुरक्षित चालणार नाही. जोडी लावताना आभा किंवा तुमचा स्वतःचा रुग्ण क्रमांक, मोबाइल आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, यांतलं किमान दोन जुळल्याशिवाय नोंदी एकत्र करू नयेत. आणि मोबाइलवर एकट्यावर भिस्त ठेवू नका. घरातल्या पाच जणांचा नंबर एकच असतो, तोही मुंबईला असलेल्या मुलाचा. चुकून एकत्र झालेल्या दोन नोंदी पुन्हा वेगळ्या करता येतात का, हे विक्रेत्याला विचारा. एकत्र करणं सगळ्यांना जमतं.

इचलकरंजीतलं आमचं ट्रस्टचं रुग्णालय जुनं सॉफ्टवेअर सोडतंय. जुनी कंपनी म्हणते, ‘डेटा देऊ, पण वेगळे पैसे आणि आमच्या फॉरमॅटमध्ये.’ करारात याबद्दल काहीच नाही.
— विश्वस्त, इचलकरंजी

करारात नसेल तर आता घासाघीसच करावी लागेल. पैसे देण्याआधी पाच रुग्णांचा नमुना मागा : एक प्रसूतीचा, एक आयसीयूचा, एक वारंवार येणारा मधुमेही, एक अपघाताचा आणि एक ज्याच्या दोन नोंदी एकत्र केल्या होत्या असा. जुन्या पडद्याशी तो ओळीओळीने ताडून पाहा. नेहमीची दुखणी ठरलेली असतात. तक्ते मिळतात पण त्यांना जोडणाऱ्या किल्ल्या मिळत नाहीत. तारखा दिवस-महिना उलट येतात आणि १२ तारखेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. स्कॅन केलेले कागद हजारोंनी मिळतात, पण कुठला कुणाचा ते सांगणारी यादी गायब असते. ‘स्टेटस ३’ म्हणजे काय ते कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून डेटासोबत रकान्यांचा अर्थ सांगणारी वही मागा, आणि प्रत्येक तक्त्यात किती ओळी होत्या, किती दिल्या याचा सहीनिशी ताळा मागा.

जुनं सॉफ्टवेअर लगेच बंद करू नका, फक्त वाचण्यापुरतं एका संगणकावर चालू ठेवा. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. ‘सॉफ्टवेअर बदललं’ हे कारण तिथे चालत नाही.

नव्या करारात हे कलम वकिलाकडून शब्दांत बसवून घ्या : माहितीची मालकी रुग्णालयाची. मागणी केल्यापासून ३० दिवसांत सगळी माहिती, जोडपत्रांसह, अर्थ सांगणाऱ्या वहीसह, जिथे मानक आहे तिथे मानकात, उरलेली साध्या तक्त्यांत. दर आजच ठरलेला. आणि वर्षातून एकदा अशी निर्यात प्रत्यक्ष करून दाखवायची. शेवटचं वाक्य विक्रेते खोडायला बघतात, कारण बाकीची तीन कधी वापरात येणारच नाहीत असा त्यांचा हिशेब असतो. त्या वाक्यावर अडून बसा.

आमच्या संचालक मंडळात साखर कारखान्याचे दोन माजी पदाधिकारी, एक सीए, दोन डॉक्टर. ‘मानकं’ म्हटलं की सगळे मोबाइल काढतात. यांना चाळीस मिनिटांत काय सांगू?
— प्रशासकीय अधिकारी, ताराबाई पार्क

स्लाइड दाखवू नका. एका रुग्णाची कागदी फाइल टेबलावर ठेवा, नाव-गाव झाकून. शक्यतो असा रुग्ण, जो गारगोटीच्या दवाखान्यातून सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) आणि तिथून तुमच्याकडे आला. पहिली पंधरा मिनिटं मंडळींना एकच काम द्या : त्याचं वय, ॲलर्जी आणि क्रिएटिनिन किती वेळा आणि किती जणांनी हाताने लिहिलंय, ते मोजा. सीए सगळ्यांत पुढे असेल. कुठे वय वेगळं सापडेल, कुठे ॲलर्जीचा रकाना कोरा सापडेल, एखादी तपासणी दोन दिवसांत दोनदा केलेली सापडेल. आकडा मंडळींच्या तोंडून येऊ द्या, तुम्ही आधी सांगू नका.

पुढची दहा मिनिटं वरचे चार थर, याच फाइलवर बोट ठेवून. संक्षेपांची यादी फळ्यावर लिहायचा मोह आवरा. एचएल७, फायर, लॉइंक, स्नोमेड, डायकॉम ही पाच नावं पुरेत, प्रत्येकासाठी एक वाक्य : निरोप, नवा निरोप, तपासण्या, आजार आणि निष्कर्ष, चित्रं.

इथे कुणीतरी विचारेलच की क्लेमसाठी आयसीडी संकेतांक टाकतो, मग स्नोमेड कशाला. आयसीडी मोजणीसाठी आहे, त्यात आजारांचे गट असतात. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणजे ई-११. स्नोमेड डॉक्टरने जे पाहिलं ते तसंच्या तसं नोंदवण्यासाठी आहे आणि त्यातून आयसीडी काढता येतो, उलटं नीट जमत नाही. भारत सदस्य देश असल्याने स्नोमेड इथे मोफत आहे, फक्त एनआरसीईएसकडून परवाना घ्यावा लागतो.

उरलेली पंधरा मिनिटं तीन ठरावांसाठी, आधी टाइप करून न्या. एक, यापुढे कुठलंही यंत्र किंवा सॉफ्टवेअर घेताना खरेदी समितीसमोर जोडणीची चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता सुटणार नाही. दोन, इचलकरंजीच्या वाचकांना दिलेलं निर्यातीचं कलम. तीन, एका माणसाला आठवड्याचे चार तास मानकांच्या कामासाठी मोकळे. तिसरा ठराव मंडळाला बिनखर्चिक वाटतो म्हणून पटकन मंजूर होतो आणि महिन्याभरात त्या माणसाला बिलिंगला बसवतात. ठरावात नाव आणि वार लिहा.

हे चार तास करायचं काय? एचएल७ वगैरेंचे सदस्य व्हायचं म्हटलं तर कुठून सुरुवात, खर्च किती, आणि कोल्हापुरात बसून आपलं कोण ऐकणार?
— आयटी प्रमुख, नागाळा पार्क

खर्चाचं आधी. एचएल७ची मानकं २०१३पासून मोफत वाचता आणि वापरता येतात. लॉइंक, डायकॉम मोफत. ही मानकं कुठल्या कामासाठी कशी एकत्र वापरायची ते सांगणाऱ्या आयएचई संस्थेचे प्रोफाइलही मोफत. पैसे पडतात ते आयएसओच्या दस्तऐवजांना. एचएल७चं सदस्यत्व सशुल्क आहे, पण सूचना नोंदवायला आणि कार्यगटांच्या बैठका ऐकायला ते लागत नाही. मतदानासाठी लागतं, किंवा बिगरसदस्याला वेगळं शुल्क. पहिलं वर्ष सदस्यत्वावर खर्च करू नका.

सुरुवात पुण्यापासून करा. एनआरसीईएसची नियमपुस्तिका वाचा आणि तुमच्या रुग्णालयातला एक डिस्चार्ज सारांश हाताने त्या साच्यात बसवून पाहा. हा सारांश म्हणजे एक गठ्ठा असतो, त्यातलं पहिलं पान ‘कंपोझिशन’, म्हणजे अनुक्रमणिका. पहिल्याच दिवशी अडाल. जिथे अडाल ती तुमची पहिली सूचना. भारतातल्या मानकांचं काम करणारी एचएल७ इंडिया ही शाखा आहे, तिच्या कार्यक्रमांना जा. भारतीय मानक ब्युरोचीही आरोग्य माहितीसाठी समिती आहे आणि तिचे मसुदे लोकांच्या अभिप्रायासाठी खुले होतात. त्यावर रुग्णालयाच्या लेटरहेडवर आलेलं दोन पानी, कलमवार मत वजन राखून असतं, कारण असं मत पाठवणारी रुग्णालयं थोडी आहेत.

आंतरराष्ट्रीय कार्यगटात जायचं तर एकच निवडा. लॅबवाल्यांसाठी निरीक्षणं-तपासण्यांचा, फार्मसीवाल्यांसाठी औषधांचा. सगळीकडे नाव घालणारा माणूस तिसऱ्या महिन्यात दिसेनासा होतो. वेळेचं गणित आधी करा : अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी दोनची बैठक आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकराला, हिवाळ्यात साडेबाराला येते. ज्याला पाठवाल त्याला दुसऱ्या दिवशी उशिरा येऊ द्या, नाहीतर हे काम त्याच्या झोपेवर चालेल आणि लवकरच बंद पडेल.

पहिल्या चार बैठकांत फक्त ऐका, त्याआधी मागच्या बैठकांची टिपणं वाचा. कोण कशावर अडतो ते कळतं. मग सूचना नोंदवा. चांगली सूचना अशी : कुठल्या पानावरचा कुठला घटक, प्रत्यक्षात काय घडतं, नमुना फाइल, आणि तुम्हाला हवा तो नेमका बदललेला मजकूर. ‘भारतीय नावांचा विचार करावा’ ही सूचना फायलीत पडून राहते. ‘रुग्णाच्या नावात वडिलांचं किंवा पतीचं नाव मधे येतं, लग्नानंतर ते बदलतं, आणि ते मधलं नाव धरावं की नातेसंबंध, हे पुस्तिकेत स्पष्ट नाही, हा घ्या नमुना’ या सूचनेवर कुणाला तरी उत्तर द्यावंच लागतं. अशा खोल्यांत परदेशी विक्रेत्यांची माणसं भरपूर असतात, कारण तो त्यांचा पगारी उद्योग आहे. गडहिंग्लजच्या पाटलांची अडचण ती मांडणार नाहीत.

कनेक्टॅथॉन हा शब्द ऐकाल. त्यात वेगवेगळ्या कंपन्या समोरासमोर बसून आपापल्या प्रणाली जोडून बघतात. एचएल७चे कनेक्टॅथॉन साधारणपणे जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या कार्यगट बैठकांना लागून असतात. त्याआधी घरीच सराव करा : हापी फायर नावाचा मोफत सर्व्हर साध्या संगणकावर बसवता येतो. कोल्हापुरातच दोन-तीन रुग्णालयं आणि एक-दोन लॅब महिन्यातून एक संध्याकाळ एकत्र आल्या, आणि विषय एकच ठेवला, समजा क्रिएटिनिनचा निकाल सगळ्यांच्या प्रणालीत आकडा, एकक आणि संकेतांकासह जसाच्या तसा पोचवणं, तर सहा महिन्यांत दाखवण्यासारखं काम होतं. विषय दोन झाले की चहा आणि चर्चाच उरते.

एक्स-रे आणि सीटीची चित्रं आम्ही सीडीवर देतो. जोडणीसाठी काय लागेल?
— रेडिओलॉजी सेंटर, लक्ष्मीपुरी

डायकॉम हे चित्रांचं मानक १९९३पासून त्याच नावाने आहे आणि तुमची यंत्रं ते बोलतातच. दोन यंत्रांत तीन गोष्टी जुळाव्या लागतात : आयपी पत्ता, पोर्ट (नेहमीचे १०४ किंवा ११११२) आणि एई टायटल, म्हणजे यंत्राचं नेटवर्कवरचं नाव. एई टायटल १६ अक्षरांपर्यंतच चालतं आणि त्यात लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं. जोडणी ‘नाकारली’ असा निरोप आला की आधी तिथे बघा. रुग्णाचं नाव हाताने टाइप करायचं बंद करून मॉडॅलिटी वर्कलिस्ट चालू करा, म्हणजे रुग्णांची यादी रिसेप्शनवरून थेट यंत्रावर येईल. एकाच रुग्णाच्या दोन वेगळ्या फाइली तयार होतात त्या याच टायपिंगमुळे.

डिस्चार्ज कार्डावर औषधाच्या सूचना मराठीत टाइप करतो. दुसऱ्या रुग्णालयात ते चौकोन आणि इंग्रजी अक्षरांचा काला होऊन दिसतं.
— परिचारिका प्रमुख, कागल

तुमच्याकडे जुना बिगर-युनिकोड फॉन्ट वापरात आहे. त्यात संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच टाइप करत असता, फक्त पडद्यावर ती मराठीसारखी रंगवलेली दिसतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रंग उडतो. युनिकोड मराठी कीबोर्ड बसवा, इनस्क्रिप्ट किंवा उच्चारावरून टाइप करायचा, जो हाताला बसेल तो. फायरमध्ये सगळा मजकूर यूटीएफ-८ मध्येच जातो, त्यामुळे तिथे मराठी नीट पोचतं. व्ही-टू निरोपात मात्र एमएसएच या पहिल्या ओळीच्या अठराव्या रकान्यात अक्षरसंच सांगावा लागतो. तो रिकामा राहिला तर पलीकडचा इंग्रजी धरतो. साठवलेला जुना मजकूर रूपांतर करणाऱ्या साधनांतून काढता येतो, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. औषधाची मात्रा असलेली वाक्यं रूपांतरानंतर फार्मासिस्टने नजरेखालून घालावीत. ‘अर्धी गोळी’मधला रफार गळाला तर वाचणारा ‘अधी’ म्हणजे काय याचा अंदाज बांधत बसतो.